रापणीत सापडलेला प्रबंध

माणसाने एक वेळ वाघाच्या शेपटीला हात लावावा. वाघ फार तर खाईल आणि विषय तिथेच मिटेल. रापणीच्या दोरीला मात्र चुकूनही लावू नये. मी लावला. हौसेने नव्हे, एका लाटेने तो लावायला लावला. पण त्या एका हातापायी माझी डॉक्टरेट, माझी अब्रू आणि माझी होऊ घातलेली प्राध्यापकी कशी एकाच जाळ्यात येऊन पडली, हे मी आजवर पुष्कळांना सांगितलं आहे. दर वेळी थोडं निराळं सांगतो, असं आमच्या घरातल्यांचं म्हणणं. म्हणून आता लिहूनच काढतो. छापलं की खरं.

साल अठ्ठावन्नच्या आसपासचं. मी, गुरुदास, मुंबईतली हिशेबतपासनिसाकडची बरी चाललेली नोकरी सोडून मालवणला घरी येऊन बसलो होतो. मला हिशेबशास्त्रात पीएच. डी. करायची होती. त्या काळी आमच्याकडे हिशेबात डॉक्टरेट म्हणजे नारळ सोलण्यात पदवी घेतल्यासारखं वाटे.

"हिशोब तो कसलो शिकूचो?" शेजारचे दाजी म्हणत. "येता तेका येता, नाय तेका बायल शिकयता."

दाजी निवृत्त पोस्टमास्तर. आयुष्यभर दुसऱ्यांची कार्डं वाचल्यामुळे त्यांचं सामान्यज्ञान दांडगं होतं. आमच्या बाजूला लवकरच कॉमर्सचं कॉलेज निघणार आणि तिथे हिशेबाच्या डॉक्टरला प्राध्यापकाची खुर्ची राखून ठेवणार, ही बातमीही त्यांनी असंच कुणाचं तरी कार्ड वाचून आणली होती. त्या न पाहिलेल्या खुर्चीवर माझा जीव जडला. खुर्ची, पंखा, समोर ग्रंथ आणि आयुष्यभर संशोधन. आणखी माणसाला काय हवं?

दुसऱ्या बाजूला माझे सासरे भिकाजी उभे होते. ते रेडीचे. तिथे तेव्हा लोखंडाची माती बोटीत चढवायचं काम जोरात सुरू झालं होतं आणि सासऱ्यांचा वशिला खाणीच्या मुकादमापर्यंत पोहोचला होता. त्यांनी निरोप धाडला: पुढच्या पावसाळ्याआधी जावईबापूंचं पुस्तक पुरं झालं तर आनंद आहे, नाही तर त्यांनी निमूट रेडीला यावं, मातीच्या टोपल्या मोजायला माणूस हवा आहे. त्या दिवसापासून माझी झोप उडाली. डोळा लागलाच तर स्वप्नात तांबडं धोतर नेसून तांबड्या ढिगाऱ्यावर बसलेला मी मला दिसे, आणि सासरे खालून विचारत, "डॉक्टर, किती टोपल्या?"

माझे मार्गदर्शक मुंबईचे नावाजलेले प्राध्यापक होते. त्यांनी समुद्र फक्त चौपाटीवरून, तोही भेळ संपेपर्यंत पाहिला होता. पण माणूस विद्वान. "वहीखात्यावाचून चालणारा एखादा व्यवहार शोधा," असं त्यांनी मला सुचवलं, आणि मी आमच्या किनाऱ्यावरची रापण सुचवली.

रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं भलंथोरलं जाळं. होडी ते समुद्रात अर्धगोल सोडून येते, दोन टोकांच्या दोऱ्या वाळूवर येतात आणि अख्खी वाडी दोन रांगा धरून त्या ओढते. मासळी वर आली की तिचे ढीग घालतात. त्यांना म्हणतात वाटे. जाळ्याचा वाटा, होडीचा वाटा, देवाचा वाटा आणि ज्याचा ज्याचा हात दोरीला लागला त्या प्रत्येकाचा वाटा. कागद नाही, पेन्सिल नाही, आणि भांडण मात्र भरपूर. सरांना विषय बेहद्द आवडला. त्यांनी एकच ताकीद दिली: "संशोधक तटस्थ हवा. काठावर उभं राहून पाहायचं. आपण त्यातले व्हायचं नाही. निरीक्षक त्यात सामील झाला की प्रबंध गेलाच म्हणून समजा."

मी सरांचा शब्द शब्दशः पाळला. नारळी पौर्णिमा झाली, रापण सुरू झाली, आणि मी काठावर गेलो. घरातली वेताची खुर्ची नेली, काळी छत्री उघडली, पॉलिश केलेले बूट घातले आणि तटस्थ बसलो. रापणीचा तांडेल, म्हणजे सगळ्यांचा म्होरक्या, सहदेव. एकदा बघून गेला, दोनदा बघून गेला, तिसऱ्यांदा म्हणाला, "मास्तर, खुर्ची मागे घेवा. भरती आसा."

कचेरीतलं असावं असं शुद्ध मराठी काढून मी म्हणालो, "आपण आपलं काम चालू ठेवा. मी इथे नाहीच असं समजा."

सहदेवाने तसं समजायला सुरुवात केली एवढ्यात लाट आली. लाट कसली, दर्याने घेतलेला श्वासच तो. खुर्ची माझ्याखालून गेली ती गेली. ती पुढे विजयदुर्गाच्या तटाखाली लागली आणि तिथला एक पागी, म्हणजे फेकजाळंवाला, अजून तीत बसून बिडी ओढतो, असं म्हणतात. मी पाहायला गेलो नाही. मी पाण्यात आडवा झालो, आणि बुडणारा माणूस जे करतो ते केलं. हाताला आलं ते धरलं. हाताला आली ती रापणीची दोरी.

मासळी वर आली. बांगड्यांची रास अशी पडली की पलीकडे उभा असलेला सहदेव दिसेनासा झाला. वाटे घातले गेले, आणि जाळ्याचा जुना वाटेकरी बाबली याने एक वाटा सरळ माझ्या उरलेल्या एका बुटासमोर ओतला.

"हे काय?"

"तुझो वाटो."

"छे छे! मी नुसता पडलो. मी ओढलं नाही."

"दोरीक हात लागलो मा? मगे झालो वाटो."

मी हात जोडून नकार दिला. टोपल्या घेऊन बसलेल्या बायकांत पद्मावती होती. मासे विकणारी, आणि गिऱ्हाइकाला माशाआधी शब्दानेच सोलणारी. ती उठून कमरेवर हात ठेवून म्हणाली, "वाटो नाय म्हणणारो ह्या वाडीत आजून जन्माक येवक नाय. काय रे, आमचो बांगडो तुका कुसको दिसलो?"

सहदेवाने मात्र शांतपणे कायदा सांगितला. "वाटो टाकलो तर दर्यो रुसता. उद्या जाळ्यात नुसतां शेवाळ इलां तर तू भरून देतलंस?"

हिशेबशास्त्रात या प्रश्नाला उत्तर नाही. मी छत्री उलटी केली, तीत बांगडे भरले आणि घरी गेलो. बायको सुगंधा दारात उभीच होती. ओला नवरा, एक बूट आणि छत्रीभर बांगडे असा सगळा देखावा तिने वरपासून खालपर्यंत पाहिला आणि म्हणाली, "इतके दिस तुमचां संशोधन चललां, पण घरात कायतरी आजच इलां."

दुसऱ्या दिवशी उजाडतं न उजाडतं तोच बाबली दारात. "गुरग्या, दोरी!"

रापणीचा हा दुसरा कायदा मला ठाऊक नव्हता. एकदा वाटा घेतला की तुम्ही वाटेकरी. आणि वाटेकरी कारणावाचून आला नाही तर गावभर त्याची शोभा. मी ताप आला म्हणून सांगितलं. पद्मावतीने येऊन कपाळ पाहिलं आणि सगळ्या आळीला ऐकू जाईल असं जाहीर केलं, "ताप खंयचो? नुसतो आळस आसा!" गेलो. मला दोरीच्या अगदी शेपटाला उभं केलं, जिथे ओढलं काय नि न ओढलं काय, दर्याला पत्ता लागत नाही. तिथे पुढला सगळा हंगाम मी तटस्थपणे दोरी धरून काढला.

सरांना हे कळवण्याचं धैर्य मला झालं नाही. मी नियमाने अहवाल धाडत राहिलो: "आज अमुक इतक्या वाटेकऱ्यांचे काठावरून निरीक्षण केले." काठावरून हे खरंच होतं. पण एकदा सरांचं पत्र आलं. लिहिलं होतं: "आपल्या पत्रांना अलीकडे एक विशिष्ट वास येतो. कृपया शाई बदलावी." तेव्हापासून मी पत्र लिहिण्याआधी हात कोकमाच्या सालींनी चोळत असे. मग अक्षरं तांबूस उमटत. त्यावर सरांनी विचारलं, प्रकृती बरी आहे ना?

इकडे रापणीने तिसरा कायदा काढला. सहदेव एके दुपारी सगळ्यांना घेऊन आमच्या पडवीत येऊन बसला. "तू आमची दोरी ओढतंस. मगे तुझी दोरी आमी ओढूक नको? काय तां लिहितंस तां सांग. सगळे मिळान ओढूया."

झालं. रोज दुपारी माझा प्रबंध ओढायला माणसं जमू लागली. सुगंधा चहा करून करून टेकीला आली. मी एक प्रश्न विचारायचा आणि डझनभर उत्तरं यायची; सगळी शपथेवर, सगळी परस्परविरुद्ध. सर्वांत मोठं रणकंदन झालं ते घसाऱ्यावरून. वस्तू वापरून झिजते तिची किंमत किती घटते, हा हिशेबशास्त्राचा प्राण. मी विचारलं, "एक जाळं किती वर्षं टिकतं?"

बाबली म्हणाला, "माझां जाळां आज्याच्या वेळचां."

"सगळं?"

"सूत बापाशीन बदल्यान. दोरी मी बदललंय. बुडाची शिशां गेल्या वर्साक नवी घातलंय. पण जाळां आज्याचां."

सहदेव खवळला. "मेल्या, मगे त्यात आज्याचां रवलां काय?"

बाबलीने क्षणभर विचार केला आणि अभिमानाने सांगितलं, "भोकां."

त्यावर मी एक अख्खं प्रकरण लिहिलं. सरांनी त्याच्या समासात 'उत्तम' असं लिहिलं. ही बातमी दाजींनी पत्र माझ्याआधी वाचून वाडीत पोहोचवली, आणि बाबली पुढे आठवडाभर भोकांवरून हात फिरवत बसला होता.

शेवटी प्रबंध पुरा झाला. कोर्टाच्या आवारातल्या टायपिस्टाने तो टाइप केला. सवयीने त्याने सहदेवाला ठिकठिकाणी 'आरोपी' करून ठेवलं होतं, ते मी दुरुस्त केलं. मे महिना संपत आला होता. विद्यापीठात प्रबंध द्यायची मुदत आणि पावसाळ्यापूर्वीची शेवटची आगबोट, दोघींची गाठ जेमतेम पडत होती. ती बोट चुकली तर एस. टी.ने कोल्हापूर, तिथून आगगाडी, आणि मुंबईला पोहोचेपर्यंत विद्यापीठाची खिडकी बंद. म्हणजे रेडी. म्हणजे टोपल्या.

एक शेवटचं पान राहिलं होतं. विद्यापीठाचा छापील इंग्रजी फॉर्म: उमेदवाराचं प्रतिज्ञापत्र. मी तो बोटीच्या आदल्या दिवशी पडवीत वाळत घातला होता, कारण शाई सांडली होती. दाजी आले, त्यांनी चष्मा लावला आणि वाचला. आयुष्यभराची सवय, त्यांचा दोष नाही. दोष एवढाच, की त्यांनी तो मोठ्याने, मालवणीत भाषांतर करत वाचला, आणि चहाला सगळी रापण हजर होती.

"मी लिहून देतंय की," दाजी वाचत गेले, "ह्यां सगळां काम माझ्या एकट्याचां आसा. दुसऱ्या कोणाचोय हात ह्येका लागूक नाय."

पडवीत कपबशा थांबल्या.

"परत वाच," सहदेव म्हणाला.

दाजींनी परत वाचलं. या वेळी जास्त ठसक्यात.

बाबली उठला. "एकट्याचां? आणि माझी भोकां?"

मी समजावू लागलो, की हा नुसता छापील नमुना आहे, सगळेच असं लिहून देतात, विद्यापीठाला एकच नाव लागतं. जितकं समजावलं तितका बुडालो. कारण त्यांच्या लेखी रापणीत याहून मोठं पाप नाही. सगळ्यांनी ओढलेली मासळी 'माझी एकट्याची' म्हणणारा माणूस किनाऱ्यावर फार काळ उभा राहत नाही. सहदेवाने कप खाली ठेवला, बशीत उपडा, आणि निघून गेला. त्याच्यामागे सगळी रापण गेली. आरडाओरडा झाला असता तर मला बरं वाटलं असतं.

आता वाचकांना हे सांगायला हवं, की मालवणला आगबोट धक्क्याला लागत नसे. ती लांब खोल पाण्यात उभी राही, आणि उतारूंना पडावात बसवून तिथवर नेत. पडाव कोणाचे? रापणीवाल्यांच्या भावांचे, मेव्हण्यांचे आणि व्याह्यांचे.

दुसऱ्या दिवशी मी ट्रंक घेऊन किनाऱ्यावर उभा. समोर आगबोट, तिचा भोंगा वाजतोय. पडाव एकेक भरून चालले, आणि मला कोणी घेईना. "जागा नाय." "ट्रंक जड आसा." "ह्यो पडाव एकट्या माणसांचो नाय." हे शेवटचं पद्मावतीचं. ती स्वतः सुक्या बांगड्यांची टोपली घेऊन गिरगावात लेकीकडे निघाली होती आणि पडावात पहिली जागा धरून बसली होती. मी चक्क सहदेवापुढे हात जोडले. त्याने दर्याकडे पाहिलं.

तेवढ्यात सुगंधा पुढे झाली. मला वाटलं, आता ही नवऱ्याची बाजू घेणार. घेतली. अशी घेतली की अजून ती जागा दुखते.

"सहदेवानूं," ती म्हणाली, "तुमका काय खरांच वाटता, ह्येंनी एकट्यान काय केला असतला? अवो, ह्येंका एकट्यान धोतर वाळत घालूक जमणा नाय. एकट्यान केलेला असता तर माका इतकी चाय करूची लागली असती? त्या कागदार काय लिवलेला आसा तां सोडा. माणूस समोर दिसता मा?"

सगळ्यांनी मला नीट पाहिलं. सगळ्यांना ते पटलं. इतक्या झटकन पटायला नको होतं.

"बरां," सहदेव म्हणाला. "तो शब्द खोड. आणि पद्मावती तुझ्यावांगडा युनव्हर्शिटीत येतली. ती बघतली, काय लिहून देतंस तां."

पडाव लाटांवर नाचत असताना, एका हाताने काठ धरून, मी त्या प्रतिज्ञापत्रावरचा 'एकट्याचा' या अर्थाचा शब्द खोडला. त्याबरोबर वरचा शिक्काही खोडला गेला आणि पेनाचं निब विद्यापीठाच्या बोधचिन्हात घुसलं. पद्मावतीने जवळून पाहून पसंती दिली.

विद्यापीठाच्या खिडकीशी आम्ही पोहोचलो तेव्हा समोर मोठी रांग होती. पद्मावतीने टोपली खाली ठेवून वरचं फडकं बाजूला केलं आणि रांग आपोआप कमी झाली. खिडकीतल्या कारकुनाने नाकाला रुमाल लावून माझी कागदपत्रं पाहिली, आणि प्रतिज्ञापत्रावर थांबला.

"खाडाखोड आहे. चालणार नाही. नवीन फॉर्म घ्या, नीट भरा. खिडकी बंद व्हायची वेळ झाली."

कोरा फॉर्म माझ्या हातात आला. त्यावर तेच छापील वाक्य, स्वच्छ, अखंड. नुसती सही केली की काम झालं. आणि खांद्यामागे पद्मावती.

"काय लिवलेला आसा?" तिने विचारलं.

कारकून म्हणाला, "आटपा." पद्मावती म्हणाली, "वाच." कारकुनाने शटरला हात घातला. त्या क्षणी माझ्या डोळ्यांपुढे एका बाजूला रेडीचा तांबडा ढिगारा होता आणि दुसऱ्या बाजूला उपडा घातलेला कप. मी कागद भिंतीवर धरला आणि छापील वाक्याच्या पूर्णविरामाचा स्वल्पविराम करून, शक्य तितक्या सुवाच्य इंग्रजीत, पुढे लिहिलं: 'म्हणजे रापणीत माझा जेवढा वाटा, तेवढे.' आणि सही ठोकली. मग ते सगळं पद्मावतीला मालवणीत वाचून दाखवलं. तिने मान हलवली.

कारकुनाने कागद उजेडात धरला, उलटा केला, सुलटा केला.

"खाडाखोड नाही," तो म्हणाला.

"पण मजकूर..." मी, मूर्ख माणूस, बोललो.

"मजकूर वाचणं माझं काम नाही," असं म्हणून त्याने शिक्का मारला. पद्मावतीने त्याला दोन सुके बांगडे दिले. तो नको नको म्हणाला, तेव्हा तिने त्यालाही दर्या रुसण्याबद्दल सांगितलं.

त्यानंतरचा पावसाळा मी कसा काढला ते विचारू नका. दाराची कडी वाजली की सासरे आले असं वाटे. तोंडी परीक्षेचं बोलावणं आलं तेव्हा तर तीन रात्री अन्न गोड लागलं नाही. दोन परीक्षक, शेजारी सर. बाहेरगावचे परीक्षक म्हातारे आणि तिखट. त्यांनी चारशे पानं बाजूला सारली आणि प्रतिज्ञापत्रच काढलं.

"हे काय आहे? रापणीत तुमचा वाटा किती?"

सरांनी माझ्याकडे पाहिलं. वर्षभराच्या त्या वासाचा उलगडा त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू होताना मला दिसला.

"शेपटाला उभं राहणाऱ्याचा, सर," मी म्हणालो. "सगळ्यांत लहान."

म्हाताऱ्याने बराच वेळ काही लिहिलं. मग सरांना म्हणाले, "आजवर इतके प्रबंध तपासले. खरं बोलणारं प्रतिज्ञापत्र पहिलंच." आणि मी डॉक्टर झालो.

मालवणला वाजतगाजत स्वागत झालं. देवळासमोर देवाला गाऱ्हाणं घातलं, नारळ फुटला, आणि सहदेव म्हणाला, "आता वाटे घालूया."

"कसले?"

"डॉक्टरकीचे."

मला वाटलं थट्टा आहे. पण विद्यापीठात पद्मावतीच्या साक्षीने लिहून दिलं होतं. पदवीचे ढीग कसे घालायचे, यावर खूप काथ्याकूट झाला. शेवटी, गरीब विद्यार्थ्याचे जेवणाचे वार लावतात तसे डॉक्टरकीचे वार लावायचे ठरलं. सोमवारी सहदेव डॉक्टर, मंगळवारी बाबली, बुधवारी पद्मावती, असं करत शेपटाच्या माणसाला, म्हणजे मला, शनिवार आला; रविवार देवाचा. ज्याचा वार, त्याला वाडीने डॉक्टर म्हणायचं. इतर दिवशी मी गुरग्या. माणसं कसून नियम पाळत. शुक्रवारी मला कोणी चुकून डॉक्टर म्हटलं तर पद्मावती त्याला वाळूवर उभं करी.

आणि एका मंगळवारी कॉलेजचे लोक आले.

दाजींची बातमी खरी होती. नव्या कॉलेजचे चिटणीस आणि आणखी दोघे, कोट, टोपी, हातात कागद. प्राध्यापकाच्या जागेसाठी डॉक्टरांना भेटायला ते थेट किनाऱ्यावर उतरले. मी दोरीवर होतो. गुडघ्यावर लुंगी, केसांत वाळू, आणि जाळं ऐन काठाशी आलेलं. अशा वेळी दोरी सोडायची नाही, हा रापणीचा सगळ्यांत मोठा कायदा.

"डॉक्टर कुठे भेटतील?" चिटणिसांनी विचारलं.

"थंय," कोणीतरी बोट दाखवलं. उपड्या होडीवर बसून बाबली जाळं शिवत होता. पायाला काटा लागल्यामुळे त्याला त्या दिवशी ओढण्यातून सुटी होती.

मी तोंड उघडलं. "अहो, मी..."

"दोरी!" सहदेव ओरडला.

मी दोरी धरून राहिलो आणि माझी खुर्ची, माझा पंखा आणि माझे ग्रंथ त्या होडीकडे चालत जाताना पाहू लागलो.

"आपणच डॉक्टर का?" चिटणिसांनी नमस्कार केला. विद्वान माणसं विक्षिप्त असतात हे त्यांनी ऐकलं असावं. बाबलीच्या लंगोटीचं त्यांना काही वाटलं नाही.

"आज मंगळवार मा? मगे मीच."

"आम्हाला हिशेबशास्त्राला प्राध्यापक हवा आहे."

"पगार दिसाक की म्हयन्याक?"

"महिन्याला."

"मासळी इली नाय तरी?"

चिटणीस जरा गोंधळले. "मासळीचा संबंध नाही. सुटीतही मिळतो."

बाबलीची सुई थांबली. "सुट्टेतय? म्हणजे हात न लावता वाटो?" त्याने मान हलवली. "नको, बाबानूं. ह्या माका जमूचा नाय. आमची सवय वायट. पण तसलो माणूस आमच्याकडे एक आसा." आणि त्याने सुईनेच दोरीच्या शेपटाकडे दाखवलं. "तो बघा. वर्षभर दोरी धरून उभो आसा, एक दिस ओढूक नाय. तुमच्या कामाक तेच्यासारखो दुसरो मेळूचो नाय. घेवन जावा."

तिघांनी माझ्याकडे पाहिलं. माझी मान खाली गेली, पण हात दोरीवर होते.

नेमणुकीचं पत्र त्याच आठवड्यात, शुक्रवारी आलं. त्यात लिहिलं होतं, की आपली निवड 'डॉ. बाबली यांच्या शिफारशीवरून' करण्यात येत आहे, स्वीकृती परत टपालाने कळवावी. उशीर झाला आणि जागा दुसऱ्याला गेली तर? सुगंधा पेन घेऊन उभी. पत्राखाली सही करायची जागा छापलेली होती: डॉ., आणि पुढे रेघ.

मी पत्र उशाखाली ठेवलं आणि शनिवार उजाडेपर्यंत थांबलो.